दिवसा मिटलेले डोळे

शॅमेलिऑन जातीच्या सरड्याला वाटीतलं पाणी कळत नाही. त्याचे डोळे अधू असतात म्हणून नव्हे. उलट ते आपल्यापेक्षा तरबेज असतात. एक डोळा समोर बघत असतो तेव्हा दुसरा निवांत पाठीमागचं बघून घेतो. पण साचलेलं, न हलणारं पाणी म्हणजे पाणीच, हे काही त्याच्या ध्यानात येत नाही. पानावर थेंब पडला, थरथरला, त्यावर उजेड चमकला, की मग त्याला कळतं. मग तो सावकाश पुढे होतो आणि थेंब टिपतो. म्हणून त्याला पाणी पाजायचं तर पिंजऱ्यातल्या झाडावर सकाळ-संध्याकाळ बारीक फवारा मारायचा, पानं निथळायला लागेपर्यंत, आणि मग दूर होऊन वाट बघायची.

मुलगा हे वडिलांना सांगत होता तेव्हा त्याचा एक बूट पायात होता आणि दुसरा हातात. खाली टॅक्सी थांबली होती. कित्येक महिन्यांत ज्याच्या तोंडून धड दोन वाक्यं निघाली नव्हती तो एवढं बोलतोय, म्हणून आई पिशवीत भरायचा टॉवेल तसाच हातात धरून ऐकत राहिली.

"दिवसा बल्ब चालू ठेवायचा. संध्याकाळी बंद. सगळंच बंद. रात्री त्याला अंधार लागतो, गारवा लागतो," मुलगा म्हणाला. "रातकिडे मोजकेच द्यायचे, कॅल्शियमची पूड लावून. उरले तर काढून घ्यायचे, नाहीतर रात्री तेच त्याला चावतात. आणि उगाच हात लावू नका."

"अरे, ऊब कशी द्यायची ते तू मला शिकवणार?" वडील हसून म्हणाले.

"बाबा, ते कोंबडीचं पिल्लू नाहीये."

"बरं, बरं. बूट घाल आधी."

मुलानं हातातल्या बुटाकडे पाहिलं, जणू तो कुणा दुसऱ्याचा आहे. मग तो गप्प झाला तो झालाच. दुसरा बूट आईनं खाली बसून त्याच्या पायात घातला आणि नाडी बांधली.

मुलगा सव्वीस वर्षांचा होता आणि घरात त्याला अजून बाळ्या म्हणत. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायचा. हात इतका हलका की मालक अवघड काच दुसऱ्या कुणाकडे देत नसे. मग हळूहळू तो कामावर जाईना, मग जेवायला बाहेर येईना, मग अंथरुणात भिंतीकडे तोंड करून नुसता पडून राहू लागला. झालं काय, असं जो तो विचारायचा. काही झालं नव्हतं, आणि तीच अडचण होती. काही झालं असतं तर त्यावर इलाज तरी शोधता आला असता. त्यातल्या त्यात तो उठायचा तो त्या हिरव्या सरड्यासाठी. फवारा मारायचा, रातकिडे द्यायचा, थोडा वेळ पिंजऱ्यासमोर बसायचा आणि पुन्हा जाऊन पडायचा.

दवाखान्यात मनाच्या डॉक्टरीणबाईंनी आईबापांना समोर बसवून एकच प्रश्न विचारला होता. "तो सकाळी कशासाठी उठतो?"

"त्या सरड्यासाठी," आई म्हणाली. सांगताना तिला लाज वाटली.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "मग तो सरडा सांभाळा. औषधं मी देईन, पण घरी परत आल्यावर उठायला काहीतरी लागेल ना. सुरुवातीला भेटायला येऊ नका, फोनही नको. मी कळवीन तेव्हा या."

तर अशा रीतीनं तो सरडा बापाच्या हवाली झाला.

बाप साधासुधा माणूस नव्हता. सगळी नोकरी त्यांनी कोंबड्यांच्या उबवणी केंद्रात काढली होती. नव्या पोरांना काम शिकवायचं काम त्यांच्याकडे असायचं आणि ते इतक्या सबुरीनं शिकवायचे की केंद्रात सगळे त्यांना मास्तर म्हणत. निवृत्त झाल्यावरही ते नाव सुटलं नाही, आणि त्या हिशेबानं बायको मास्तरीणबाई झाली. उबवणी यंत्रात अंडी ठेवली की ऊब एका रेषेत हवी, रात्र असो वा दिवस. पिल्लं बाहेर आली की ती ब्रूडरमध्ये, म्हणजे दिव्याखालच्या गोल कुंपणात, सोडायची. तिथंही ऊब ढळली की संपलं. एकदा थंडीत वीज गेली आणि जनरेटर सुरूच झाला नाही. सकाळी मास्तरांनी दार उघडलं तेव्हा एरवी कानठळ्या बसवणाऱ्या त्या खोलीत चिवचिव नव्हती. त्या दिवसानंतर थंडी या गोष्टीशी त्यांचं वैर होतं.

पहिले काही दिवस त्यांनी मुलानं सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. मुलाची खोली तशी अंधारी. खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत तेवढी दिसायची. कोपऱ्यात उंच जाळीचा पिंजरा, आत मनीप्लांटची कुंडी आणि वाळक्या फांद्या, वरच्या बाजूला उबेचा बल्ब आणि उन्हाच्या बदल्यात लावलेली पांढऱ्या उजेडाची नळी. सरडा फांदीवरून चालायचा तो एक पाय उचलून, पुढेमागे झुलून, नीट विचार करून, आणि पुष्कळदा तोच पाय परत जागेवर ठेवून.

"एवढा विचार तुम्ही कधी केलात का आयुष्यात?" मास्तरीणबाई दारातून म्हणायच्या. आत यायची त्यांची छाती होत नसे. "सुभेदार दिसतात अगदी. स्वारी निघाली, स्वारी थांबली."

तेव्हापासून तो सुभेदार झाला.

मग थंडी पडली. एका संध्याकाळी बल्ब बंद करून झाल्यावर मास्तरांना राहवलं नाही. त्यांनी जाळीचं दार उघडून एका बोटानं सुभेदाराच्या पाठीला स्पर्श केला. ताटलीत राहिलेला चमचा लागतो तसा तो गार लागला. मास्तरांनी बोट मागे घेतलं आणि तिथंच उभे राहिले.

"काय झालं?" मास्तरीणबाईंनी दारातून विचारलं.

"गारठलाय गं."

"बाळ्या म्हणाला होता ना, रात्री गारवा लागतो म्हणून?"

"बाळ्याची तब्येत ठीक नव्हती तेव्हा. एवढी थंडी तेव्हा पडलीही नव्हती. असं बघ," मास्तर तिच्याकडे वळले, आणि त्यांचा आवाज नव्या पोरांना शिकवताना व्हायचा तसा झाला, "पीस नाही, केस नाहीत, नुसती कातडी. अंगात स्वतःची ऊब नाही. मग ती बाहेरूनच नको का द्यायला? कोंबडीच्या पिल्लाला तरी लव असते."

मास्तरीणबाईंना हे पटलं. कुणालाही पटलं असतं. मास्तरांनी बल्ब पुन्हा लावला. तेवढ्यानं भागणार नाही म्हणून केंद्रातून कधीतरी आणून ठेवलेला ब्रूडरचा तांबडा दिवाही माळ्यावरून शोधून काढला आणि तो खालच्या बाजूला टांगला. पिंजऱ्याच्या तीन बाजूंना जुनी चादर लावली. आत हात घालून बघितला. आता ऊब एका रेषेत होती. त्या रात्री त्यांना शांत झोप लागली.

आता ब्रूडरमधलं एक शास्त्र सांगायला हवं, म्हणजे पुढचं समजेल. पिल्लांना थंडी वाजत असली की ती एकमेकांच्या अंगावर चढून दिव्याखाली गर्दी करतात आणि ओरडतात. फार गरम झालं तर दूर कुंपणाला चिकटून चोची उघडतात. पण ऊब बरोबर असली की ती सगळीकडे सारखी पसरतात, ओरडत नाहीत, आणि भर दिवसा डोळे मिटून डुलक्या घेतात. मास्तर नव्या पोरांना सांगायचे, थर्मामीटरकडे कशाला बघता, पिल्लांकडे बघा. मिटलेले डोळे दिसले की समजायचं, आपलं काम चोख आहे.

थोड्याच दिवसांत सुभेदार दिवसा डोळे मिटून बसू लागला.

मास्तरांनी बायकोला हाक मारून बोलावलं. "बघितलंस? याला म्हणतात ऊब लागणं."

"दिवसाढवळ्या झोपतो कुठे कुणी?"

"तू नाही का दुपारी लवंडत?"

"मी सकाळपासून राबते म्हणून लवंडते. सुभेदारांनी कोणता गड जिंकलाय?"

मास्तर हसले. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हसलं होतं. सुभेदाराचा रंगही बदलत चालला होता. गडद हिरवा जाऊन फिकट, पिवळसर, लिंबासारखा दिसू लागला. दोघांनाही तो रंग आवडला. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लासारखा तो स्वच्छ दिसतो, असं मास्तर म्हणाले.

पण पाणी तो कमी पिऊ लागला. फवारा मारला तरी फांदीवर तसाच बसून राही, आणि बल्बच्या धगीनं पानं बघता बघता सुकून जात. मास्तरांनी यावरही शांतपणे विचार केला. केंद्रातून नेलेली पिल्लं नव्या जागी सोडताना एक काम न चुकता करायचं असतं: प्रत्येक पिल्लू हातात घेऊन त्याची चोच एकदा पाण्यात बुडवायची. पाणी काय असतं हे त्याला माहीत नसतं. ते एकदा दाखवलं की पिल्लू शिकतं आणि मग जन्मभर विसरत नाही. हजारो पिल्लांना मास्तरांनी असं पाणी दाखवलं होतं. एकेकाला, न कंटाळता.

त्यांनी बशीत कोमट पाणी घेतलं, सुभेदाराची बोटं एकेक करून फांदीवरून सोडवली आणि त्याचं तोंड पाण्यात टेकवलं. सुभेदार फुगला, काळपट झाला, जबडा उघडून फिसकारला.

"नको म्हणतोय तो," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"शिकायला सुरुवातीला सगळेच नको म्हणतात."

रोज सकाळी हा धडा होऊ लागला. हळूहळू सुभेदारानं फिसकारणं सोडलं. मग फुगणंही सोडलं. हातावर घेतलं की मान टाकून गपगुमान पडून राही आणि तोंड पाण्यात बुडवलं की नाकाशी एखादा बुडबुडा येई.

"बघ, शिकला," मास्तर म्हणाले.

खाण्याचंही तेच. जीभ झटक्यात बाहेर काढून तो रातकिडा उचलायचा, ते बंद झालं. मास्तरांना वाटलं, पोट भरलेलं असेल. भूक लागेल तेव्हा खाईल. ब्रूडरमध्ये दाणा सतत पुढ्यात असतो, कुणी काढून घेत नाही. त्यांनी मूठभर रातकिडे आत सोडून दिले. रात्री खोलीतून किरकिर ऐकू यायची आणि मास्तरीणबाई कुशीवर वळत म्हणायच्या, "सुभेदारांकडे आज गाण्याची बैठक दिसतेय." थंडी बाहेर होती, आत दिवा होता, आणि दोघांनाही वाटत होतं की निदान हे एक तरी आपल्याला नीट जमलं.

डॉक्टरीणबाईंचा निरोप आला. रविवारी भेटायला या.

निघण्याआधी मास्तरांनी मोबाईलवर सुभेदाराचा फोटो काढला. एक हलला, एक अंधारा आला. शेवटी एक छान आला: तांबड्या उजेडात फिकट पिवळा सुभेदार, फांदीला बिलगलेला, डोळे मिटून. मास्तरीणबाईंचे गुडघे धरले होते आणि दवाखान्याचे जिने त्यांना झेपण्यासारखे नव्हते. त्यांनी मुलासाठी धुतलेले कपडे दिले आणि म्हणाल्या, "फोटो दाखवायला विसरू नका. तेवढंच त्याला बरं वाटेल."

मुलगा वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. दाढी वाढली होती. मास्तर स्टुलावर बसले. आईचे गुडघे, शेजाऱ्यांचं नवं दार, दुकानाच्या मालकानं केलेली चौकशी, सगळं सांगून झालं. मुलगा "हं" म्हणत राहिला. मग मास्तरांनी मोबाईल त्याच्या तोंडासमोर धरला.

"बघ तुझा सुभेदार. कसा सुखात आहे."

मुलानं फोटो पाहिला. मग मोबाईल हातात घेतला. मग तो उठून बसला.

"हा फोटो कधीचा?"

"आज सकाळचाच."

"दिवसा डोळे मिटतो?"

"अरे, मस्त डुलक्या काढतो. ऊब लागलीये त्याला. मी रात्रीसुद्धा दिवा—"

"बाबा," मुलगा म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण शेजारच्या खाटेवरच्या माणसानं मान वळवली. "शॅमेलिऑन दिवसा डोळे मिटत नाही. कधीच नाही. दिवसा डोळे मिटले म्हणजे तो मरायला लागलाय."



मुलानं फोटो मोठा करून पाहिला. चष्म्याची काच उजेडासमोर धरून तो पाहायचा तसाच. "डोळे आत गेलेत. हे बघा, इथं खड्डा दिसतोय. पाणी नाहीये अंगात. रंग असा फिकट पडलाय तो उकाड्यानं. रात्रभर उजेड, रात्रभर धग, झोपणार कधी तो? रातकिडे आत ठेवता का रात्री? पायाला चावलंय, दिसतंय का?" तो खाटेवरून पाय खाली सोडून उभा राहिला. "आत्ता जा घरी. सगळे दिवे बंद करा. चादरी काढा. खिडकीजवळ ठेवा, उन्हात नको. बाटलीच्या बुडाला सुईनं भोक पाडा आणि ती पानांवर टांगा, थेंब थेंब पडू दे. तोंडात पाणी घालू नका. घातलं नाहीत ना?"

मास्तर खाली बघत राहिले.

"घातलंत," मुलगा म्हणाला. मग जरा थांबून, "ठीक आहे. जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. छाती बघायला सांगा. आजच न्या, बाबा. आणि बुधवारी येऊन मला सांगा. नक्की या."

मास्तर जिना उतरले तेव्हा त्यांना धाप लागली होती. पण त्यांच्या मनात एक गोष्ट राहून राहून येत होती, आणि ती येत होती याचीच त्यांना शरम वाटत होती: बाळ्या उभा राहिला. बाळ्या बोलला. आपला पूर्वीचा बाळ्या असा बोलायचा.

घरी येऊन त्यांनी मुलानं सांगितलेली एकेक गोष्ट केली. तांबडा दिवा उतरवला, बल्ब बंद केला, चादरी सोडल्या. फांद्यांवरचे रातकिडे वेचून डबीत भरले. मास्तरीणबाई पहिल्यांदाच खोलीत आल्या आणि त्यांनी सुई तापवून बाटलीला भोक पाडलं. मग सुभेदाराला खोक्यात ठेवून मास्तर डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टर तरुण होते आणि त्यांच्याकडे कुत्री-मांजरं येत. त्यांनी सुभेदाराला तळहातावर घेतलं, कातडीला चिमटा काढून पाहिला. चिमट्याची घडी तशीच राहिली. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"दिवसा डोळे मिटून बसतो, ते कधीपासून?"

"बरेच दिवस झाले."

"मग आधी का नाही आणलंत, आजोबा?"

"मला वाटलं, सुखात आहे," मास्तर म्हणाले.

डॉक्टरांनी कातडीखाली पाण्याचं इंजेक्शन दिलं. छातीत पाणी गेलं होतं, त्यावर औषध दिलं. अंगातलं पाणी असं हळूहळू आटत गेलं की मूत्रपिंडं आधी जातात आणि कळतं मात्र शेवटी, असं ते म्हणाले. "तुम्ही आता करताय ते बरोबर करताय. पण फार आशा धरू नका."

सोमवार सरला. मंगळवारी सकाळी खिडकीतून त्या शेजारच्या भिंतीवरून परतलेला थोडा उजेड आला. बाटलीतून थेंब पडत होता, पानावर थरथरत होता, ओघळत होता. मास्तर आणि मास्तरीणबाई भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते, हलत नव्हते. सुभेदारानं एक डोळा उघडला. डोळा आत गेलेला, पण फिरला. वर गेला, मागे गेला, त्या पानावर येऊन थांबला. मग त्यानं एक पाय उचलला, झुलला, आणि पाय पुढे ठेवला. तोंड थेंबाखाली नेलं आणि प्यायला. एक थेंब, मग दुसरा.

मास्तरीणबाईंनी नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं. "प्यायला हो," त्या कुजबुजल्या. "आपल्या आपण प्यायला."

"हलू नकोस," मास्तर म्हणाले.

दुपारी त्याची पकड सुटली. तो फांदीवरून खाली मातीत पडला तो आवाज इतका हलका होता की स्वयंपाकघरात तो कुणाला ऐकू आला नाही. मास्तर फवारा घेऊन आले तेव्हा तो कुंडीत कुशीवर होता आणि गडद, अगदी गडद झाला होता. त्यांनी त्याला हातात घेतलं. सवयीनं त्यांचे दोन्ही तळवे त्याच्याभोवती मिटले, थंडीनं गारठलेल्या पिल्लाभोवती मिटायचे तसे. काही वेळानं मास्तरीणबाईंनी ते तळवे उघडले.

बुधवारी त्या म्हणाल्या, "आज सांगू नका. बरा आहे म्हणा. बाळ्या घरी आला की बघू."

"घरी आला की काय बघू? रिकामा पिंजरा?"

"मग जाऊच नका."

"वाट बघत असेल तो."

मास्तरीणबाईंनी धुतलेल्या कपड्यांची पिशवी आणून त्यांच्या हातात दिली.

वॉर्डाच्या दारातच नर्सनं मास्तरांना ओळखलं. "तुम्हीच ना ते सरड्यावाले आजोबा? अहो, तुमच्या मुलानं आम्हां सगळ्यांना शिकवून टाकलं, काय खातो, कसा पितो. रविवारपासून दोन्ही वेळा जेवतोय. आज स्वतःहून दाढी केली. जा, जा, सकाळपासून दाराकडे डोळे लावून बसलाय."

मुलगा खाटेवर नव्हता. तो खिडकीशी उभा होता, केस विंचरलेले, शर्टाची बटणं नीट लावलेली. गालावर एके ठिकाणी वस्तऱ्यानं कापलं होतं. वडिलांना बघून तो स्वतःच पुढे आला आणि स्टूल ओढून दिलं.

"पाणी प्यायला?"

"प्यायला," मास्तर म्हणाले.

"आपल्या आपण? पानावरून?"

"पानावरून. डोळा उघडला, थेंबाकडे बघितलं, चालत गेला आणि प्यायला. तुझ्या आईनंसुद्धा बघितलं."

मुलाचा चेहरा उजळला. कित्येक महिन्यांनी त्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं होतं आणि मास्तर ते बघत राहिले. पुढचं वाक्य त्यांच्या जिभेवर होतं. ते त्यांनी सगळ्या वाटेत घोकलं होतं.

"मग सुटलो," मुलगा म्हणाला आणि खाटेच्या काठावर बसला. "मग आता लगेच खायला घालू नका. उद्या एखादी अळी, मऊ बघून. पूड नको आत्ता. बाटली तशीच राहू दे. मी डॉक्टरीणबाईंशी बोललोय, त्या म्हणाल्या, असंच राहिलं तर पुढच्या आठवड्यात घरी सोडीन. मग मी बघतो. तुम्ही तोवर फक्त—"

"बाळ्या."

मुलगा थांबला.

"काल सकाळी तो प्यायला," मास्तर म्हणाले. "काल दुपारी गेला."

मुलगा वडिलांकडे बघत राहिला. मास्तरांना वाटलं, आता हा बोलेल. तुम्हाला सांगितलं होतं म्हणेल, तुम्हाला कुणाचं ऐकायचंच नसतं म्हणेल. त्यांनी मान खाली घातली, आणि आपण त्याचीच वाट बघतोय हे त्यांच्या ध्यानात आलं.

"फांदीवरून पडला का?" मुलानं विचारलं.

"हो."

"रंग गडद झाला होता?"

"हो."

"बरं," मुलगा म्हणाला.

त्यानं स्लिपर काढल्या, एकीशेजारी एक नीट ठेवल्या. मग तो खाटेवर आडवा झाला आणि भिंतीकडे वळला.

मास्तर बोलले. बरंच बोलले. माझं चुकलं म्हणाले, मला वाटलं मला कळतं म्हणाले, तू सांगितलेलं मी ऐकलं नाही म्हणाले. दुसरा आणू का, असंही एकदा तोंडातून गेलं आणि ते शब्द परत घेता आले असते तर त्यांनी घेतले असते. नर्स गोळ्या घेऊन आली, खाटेकडे बघितलं, मग मास्तरांकडे बघितलं आणि काही न विचारता गोळ्या ठेवून गेली. भेटीची वेळ संपल्याचं शिपायानं दोनदा येऊन सांगितलं.

घरी मास्तरीणबाई दारातच होत्या.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"रडला?"

"नाही."

"ओरडला तुमच्यावर?"

"नाही."

"मग काय म्हणाला?"

"बरं म्हणाला."

मास्तरीणबाई भिंतीला हात लावून सावकाश खाली बसल्या. मास्तरांनी चपला काढल्या आणि तेही त्यांच्या शेजारी, उंबऱ्याच्या आत, जमिनीवर बसले. दार उघडंच राहिलं होतं आणि जिन्यातून गार वारा आत येत होता. ते लावायला दोघांपैकी कुणीच उठलं नाही.

"ओरडायला हवं होतं त्यानं," मास्तरीणबाई म्हणाल्या.